खाडीचे पाणी कसे आहे? चिखलातल्या जिवांना विचारा



दर अंकात मी आपल्याला वाडीवरच्या अभ्यासिकेविषयी, आरोग्य शिबिरांविषयी किंवा बचत गटांविषयी लिहीत असते. या वेळी खाडीच्या चिखलाविषयी लिहिते आहे. विषय जरा वेगळा वाटेल. पण रायगड जिल्ह्यातल्या ज्या कातकरी वाड्यांवर आमचे येणे-जाणे आहे, तिथल्या चुलीशी या चिखलाचा सरळ संबंध आहे. शिवाय या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगते.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात वाडीजवळच्या खाडीत पहाटे मासे मरून तरंगू लागले. बोय, कोलंबी, निवट्या, सगळेच. वाडीतली माणसे दिवाळीनंतर वीटभट्टीवर आणि कोळसाभट्टीवर जातात, ती नुकतीच परत आली होती. भट्टीचा हिशेब झाला की हातात फारसे काही उरत नाही. पावसाळा लागेपर्यंतचे हे दिवस खाडीवरच निघतात. पुरुष बिळातल्या चिंबोऱ्या काढतात आणि बायका ओहोटीला चिखलात बसून खुबे, तिसऱ्या वेचतात. थोडे घरी शिजते, थोडे बाजारात विकले जाते.

आम्ही तक्रार अर्ज दिला. चौथ्या दिवशी संबंधित कार्यालयाची माणसे आली आणि पाण्याच्या बाटल्या भरून घेऊन गेली. अहवाल आला त्यात पाणी ठरलेल्या मर्यादेत असल्याचे लिहिले होते. तो कागद घेऊन मी वाडीवर गेले आणि सांगितले, “काळजी करू नका, पाणी ठीक आहे.” वाडीतल्या एक वयस्क मावशी ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “ताई, पानी तर येतं नि जातं. चिखल हितंच ऱ्हातो. चिखलात बघा की, खुबं तोंड उघडून मेल्यात.” मी तो कागद त्यांना पुन्हा वाचून दाखवला. शाळा शिकलेली मी, आणि माझ्या हातात शिक्क्याचा कागद. पण पुढच्या दोन-तीन आठवड्यांत वेचलेल्या पाटीत रिकामे शिंपलेच जास्त येऊ लागले. काही घरांनी भट्टीच्या मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल तेव्हाच घेतली. तेव्हा मला कळले की मावशी बरोबर सांगत होत्या आणि मी चुकीचा कागद बरोबर समजून वाचला होता.

त्यानंतर जवळच्या एका महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे जाऊन मी हा विषय समजून घेतला. तो आपल्यालाही कळावा म्हणून हा लेख.

एका बाटलीत काय सापडते

खाडीतले पाणी दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा ओसरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात आत-बाहेर होते, अष्टमीच्या सुमारास भांगाला ते मंद असते. म्हणून बाटलीत भरलेले पाणी म्हणजे त्या घटकेचे पाणी. चार दिवसांपूर्वी काय वाहून गेले, ते त्यात बहुधा सापडत नाही.

वेळेचाही फरक पडतो. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती दिवसा उन्हात प्राणवायू तयार करतात, पण रात्री त्याही तो वापरतात. त्यामुळे पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे, सूर्य उगवण्याच्या आधी. मासे पहाटे मेलेले दिसतात याचे एक कारण हेच. नमुना मात्र दुपारी बारा वाजता, भरतीच्या पाण्यात घेतला, तर प्राणवायू चांगला निघणारच. अहवाल खोटा नसतो. तो एका वेळेचा असतो, इतकेच.

तळाशी राहणाऱ्या जिवांचे तसे नाही. मासा पोहून दूर जाऊ शकतो. खुबा, तिसरी, चिखलातला किडा कुठे जाणार? पाणी बिघडले तर त्यांना ते सोसावे लागते किंवा मरावे लागते. यातले काही जीव काही आठवडे जगतात, तर काही काही वर्षे. म्हणून तळाशी आज कोण आहे आणि कोण नाही, यावरून मागच्या कित्येक महिन्यांचे पाणी कसे होते ते समजते. शास्त्रज्ञ या जिवांना ‘बेंथोस’ म्हणतात. हा मूळ ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ समुद्राची खोली असा आहे.

तळाशी कोण कोण राहते

ओहोटीला खाडीच्या काठावर उभे राहिले तर नुसता काळा-तपकिरी चिखल दिसतो. पण त्यात दाट वस्ती असते. पॉलिकीट नावाचे समुद्री किडे असतात. गांडुळाच्याच मोठ्या कुळातले, पण अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक केस असलेले. खुबे, तिसऱ्या यांसारखे दोन शिंपांचे जीव असतात, गोगलगायीसारखे एका शंखातले जीव असतात. चिंबोऱ्या आणि लहान खेकडे असतात. कोलंबीच्या दूरच्या नात्यातले, अर्ध्या बोटापेक्षाही लहान असे अँफिपॉड असतात. खडकांना आणि तिवरांच्या मुळांना कालवे चिकटलेली असतात.

यांच्यावरच बाकीचे जग चालते. भरतीला मासे चिखलावर येतात ते हे किडे खायला. थंडीत दूरदेशाहून येणारे पाणपक्षी लांब चोची खुपसतात त्याही यांच्यासाठी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डेन्मार्कमध्ये पीटरसन नावाच्या शास्त्रज्ञाने समुद्रतळाचा ठरावीक तुकडा उचलून त्यातले जीव मोजण्याची पद्धत सुरू केली. माशांना तळाशी किती खाणे उपलब्ध आहे, हे त्याला पाहायचे होते. म्हणजे या शास्त्राची सुरुवातच कोळ्याच्या जाळ्यात उद्या काय येणार या प्रश्नापासून झाली.

हे जीव आणखी एक काम करतात. चिखलाचा वरचा पातळ थर तपकिरी असतो, कारण तिथे प्राणवायू पोहोचतो. त्याखाली काळा थर असतो. किडे आणि खेकडे बिळे करतात तेव्हा त्यांच्या बिळांतून पाणी आणि प्राणवायू खोल उतरतो. चिखल कापून पाहिला तर बिळाभोवती तपकिरी कडा दिसते. बैल नांगर ओढतो तशी ही मशागतच आहे. जीव मेले की मशागत थांबते, काळा थर वर येऊ लागतो.

पाण्यात काय बिघडते आणि तळाला काय होते

पहिली गोष्ट प्राणवायूची. पाणी जितके गरम आणि खारट, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. तीस अंश तापमानाला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे सहाच. म्हणजे मे महिन्यात आपल्या खाडीजवळ मुळातच शिल्लक थोडी असते. त्यात गावाचे, शहराचे सांडपाणी किंवा कारखान्याचे सेंद्रिय सांडपाणी आले की ते कुजवणारे जिवाणू तो प्राणवायू वापरून टाकतात. लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या खाली प्राणवायू गेला की बहुतेक तळजीव संकटात येतात.

दुसरी गोष्ट कुजक्या अंड्यासारख्या वासाची. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असते. प्राणवायू संपला की काही जिवाणू सल्फेट वापरून कुजवण्याचे काम चालू ठेवतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निघतो. चिखलातल्या लोखंडाशी त्याचा संयोग होऊन चिखल काळा होतो. मात्र तिवरांच्या खालचा चिखल थोडा खणला की निसर्गतःच काळा असतो आणि त्याला वासही येतो. त्यामुळे काळा चिखल दिसला की प्रदूषण झाले, असे लगेच म्हणू नये. वरचा तपकिरी थर किती जाड आहे आणि तो वर्षागणिक कमी होतो आहे का, हे पाहायचे असते.

तिसरी गोष्ट गाळाची. बांधकामाचा भराव, वाळू उपसा, खोदकाम यांमुळे बारीक माती तळावर बसते. पाणी गाळून खाणाऱ्या शिंपल्यांचे कल्ले त्याने चोंदतात.

चौथी गोष्ट विषारी द्रव्यांची. पारा, शिसे, कॅडमियम यांसारखे धातू आणि काही तेलकट रसायने पाण्यात फार वेळ राहत नाहीत. ती बारीक मातीच्या कणांना चिकटून तळाशी बसतात. पाण्याच्या बाटलीत ती नगण्य दिसतील आणि चिखलात मात्र साठलेली असतील. मावशींचे वाक्य इथे शब्दशः खरे ठरते.

परीक्षा कशी करतात

प्राध्यापकांनी आपले विद्यार्थी आणून आमच्या खाडीत एक छोटी पाहणी करून दाखवली. पद्धत समजायला सोपी आहे, पण तिला चिकाटी लागते.

प्रथम जागा ठरवतात. नाला खाडीला मिळतो तिथे एक, तिथून थोड्या थोड्या अंतरावर मुखाकडे जाताना काही, आणि तुलनेसाठी तशीच माती, तसाच खारटपणा असलेली पण सांडपाण्यापासून दूर अशी एक. ही तुलनेची जागा नसेल तर बाकीच्या आकड्यांना अर्थ राहत नाही. वाळूत राहणारे जीव आणि चिखलात राहणारे जीव मुळातच वेगळे असतात. वाळूची चिखलाशी तुलना करून कोणाला दोषी ठरवता येत नाही.

प्रत्येक जागी एक नमुना पुरत नाही, निदान तीन घेतात. कारण चिखलातले जीव भाकरीवरच्या तिळासारखे कुठे दाट, कुठे विरळ असतात. खोल पाण्यात होडीतून दोन जबड्यांचे लोखंडी यंत्र सोडतात, ते तळाचा ठरावीक मापाचा घास घेऊन वर येते. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात चौकट ठेवून किंवा नळी खुपसून चिखल काढतात.

तो चिखल अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर पाण्याने धुतात. चाळणीवर उरतात ते जीव फॉर्मेलिनमध्ये ठेवतात आणि ‘रोझ बेंगॉल’ नावाचा गुलाबी रंग घालतात. या रंगामुळे जीव गुलाबी होतात आणि काडी-कचऱ्यातून वेचायला सोपे जातात. तांदूळ निवडावेत तसे हे काम आहे. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ओळखायचा, मोजायचा, वजन करायचे. त्याच वेळी त्याच जागेच्या पाण्याचा प्राणवायू, खारटपणा, तापमान, सामू म्हणजे आम्लता, आणि चिखलाच्या कणांचा आकार व त्यातला सेंद्रिय अंश हेही तपासतात. जीव आणि पाणी दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय कशाचा परिणाम कशावर झाला हे सांगता येत नाही.

वाडीतल्या बायका आधी लांब उभ्या राहून हसत होत्या. मग मावशींनीच विद्यार्थ्यांना सांगितले की कुठे पाय खोल जाईल, कुठे पूर्वी खुबे मिळत आणि कुठे आता मिळत नाहीत. तुलनेची जागा शेवटी त्यांच्या सांगण्यावरूनच ठरली.

आकडे कसे वाचायचे

मला वाटले होते, जीव जास्त सापडले तर पाणी चांगले. पण तसे नसते.

समजा, दोन जागी प्रत्येकी शंभर जीव आणि दहा जाती सापडल्या. पहिल्या जागी प्रत्येक जातीचे दहा-दहा. दुसऱ्या जागी एकाच जातीचे एक्याण्णव आणि बाकीच्या नऊ जातींचे एकेक. नुसते मोजले तर दोन्ही जागा सारख्याच. पण पहिली जागा म्हणजे सगळ्या प्रकारची घरे असलेले गाव, दुसरी म्हणजे एकाच मालकाने बळकावलेले. हा फरक एका आकड्यात सांगण्यासाठी शॅननचा निर्देशांक वापरतात. पहिल्या जागी तो सुमारे ३.३ येतो, दुसऱ्या जागी सुमारे ०.७.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे बळकावणारा कोण आहे. ‘कॅपिटेला’ नावाचा दोऱ्यासारखा बारीक, लालसर किडा आहे. त्याच्या शरीरात आपल्या रक्तासारखेच हिमोग्लोबिन असते, त्यामुळे अगदी थोड्या प्राणवायूवर तो तग धरतो. इतर जीव मेले की हा मोकळ्या जागेत भराभर वाढतो. एका ठिकाणी त्याचीच हजारोंची गर्दी झाली तर ती सांडपाण्याची खूण समजतात. याउलट अँफिपॉड हे बहुतेक नाजूक असतात, पाणी बिघडले की आधी तेच जातात.

१९७८ मध्ये पिअरसन आणि रोझेनबर्ग या शास्त्रज्ञांनी जगभरच्या अशा पाहण्या एकत्र करून एक क्रम मांडला. सांडपाण्याच्या तोंडाशी काहीच जगत नाही. थोडे पुढे थोड्याच जातींच्या बारीक किड्यांची प्रचंड गर्दी असते. आणखी पुढे जाती वाढतात, गर्दी ओसरते. दूरवर मोठे, खोल बिळे करणारे, सावकाश वाढणारे जीव सापडतात. पुढे २००० मध्ये स्पेनमधल्या शास्त्रज्ञांनी तळजीवांची नाजूक ते निर्ढावलेले अशा पाच गटांत वाटणी करून ० ते ७ असा निर्देशांक तयार केला. शून्याजवळ असेल तर तळ निरोगी, सहाच्या पुढे गेला तर जवळजवळ मेलेला. तो ‘अँबी’ या नावाने ओळखला जातो आणि आता अनेक देशांत वापरतात. आपल्याकडे मात्र जाती वेगळ्या, पावसाळा वेगळा, म्हणून तो डोळे झाकून लावता येत नाही.

आमच्या खाडीत विद्यार्थ्यांना दिसले ते साधारण याच क्रमाने होते. नाल्याच्या तोंडाशी लाल दोऱ्यासारखे किडे आणि फारसे दुसरे काही नाही. मुखाकडे जाताना शिंपले, खेकडे, निरनिराळे किडे दिसू लागले.

घाईने निष्कर्ष काढू नये

इथे प्राध्यापकांनी मला थांबवले, आणि ते बरे झाले. मी लगेच अर्ज लिहायला निघाले होते.

आपल्या किनाऱ्यावर पावसाळा ही मोठी उलथापालथ असते. नदीचे गोडे पाणी खाडीत भरते, खारटपणा एकदम उतरतो, गाळ येतो आणि कितीतरी तळजीव मरतात. पावसाळ्यानंतर भरतीबरोबर येणारी पिल्ले पुन्हा वस्ती करतात. सप्टेंबरमध्ये पाहणी केली तर निरोगी खाडीही ओस दिसू शकते. शिवाय पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्रात पावसाळ्याच्या शेवटी खोलवरचे कमी प्राणवायूचे पाणी किनाऱ्याकडे सरकते. ही मुळात निसर्गाची घडामोड आहे. म्हणून पावसाळ्याआधी, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर अशी वर्षातून तीनदा, आणि एकाहून अधिक वर्षे पाहणी करावी लागते.

दुसरे असे की तळजीव ‘काहीतरी बिघडले’ हे सांगतात. ‘कोणी बिघडवले’ हे सांगत नाहीत. आमच्या नाल्यात गावाचे सांडपाणीही येते आणि वरच्या बाजूचेही. त्यासाठी सांडपाण्याची वेगळी, कायद्याने ठरवलेल्या पद्धतीने तपासणी लागते. ज्याच्याविरुद्ध पुरावा नाही त्याचे नाव घेणे म्हणजे खोटी साक्ष देणे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

“पोरांना देऊ का?”

पाहणी चालू असताना मावशींनी मला विचारले, “ताई, नाल्याकडचं खुबं पोरांना देऊ का?” साऱ्या शास्त्रापेक्षा हा प्रश्न मोठा होता.

खुबे आणि कालवे पाणी गाळून त्यातले अन्न खातात. एक मोठे कालव तासाला काही लिटर पाणी गाळते. पाण्यातले जंतू आणि धातू त्यांच्या अंगात साठतात. चांगले उकळल्याने बहुतेक जंतू मरतात, पण पारा किंवा शिसे उकळून जात नाही. काही सूक्ष्म शेवाळांचे विषही शिजवून नाहीसे होत नाही.

जपानमधल्या मिनामाता गावाची गोष्ट पुष्कळांना ऐकून माहीत असेल. तिथल्या रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातून पाऱ्याचे अतिविषारी रूप उपसागरात जात होते. मासे आणि शिंपले खाणाऱ्या कोळी कुटुंबांत हातपाय कापणे, तोल जाणे, बोलता न येणे असा आजार पसरला. त्याच्या आधी गावातली मांजरे वेड्यासारखी नाचत मरू लागली होती. १९५६ मध्ये आजाराची अधिकृत नोंद झाली. सरकारने कारण मान्य केले ते १९६८ मध्ये. मधली बारा वर्षे गेली. सर्वांत जास्त सोसले ते रोज मासळीवर जगणाऱ्या गरिबांनी.

आपल्या खाडीत तसे आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. पण तसे नाही, हेही पाण्याची एक बाटली पाहून म्हणता येणार नाही. त्यासाठी चिखल आणि खुब्यांचे मांस प्रयोगशाळेत तपासावे लागते. आपल्याकडच्या नियमांतही याचा विचार आहे. किनाऱ्यालगतच्या पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग पाडले आहेत. शिंपले गोळा करण्याचे पाणी पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक वर्गात येते. तिथे लिटरमागे निदान पाच मिलिग्रॅम प्राणवायू हवा. अंघोळीच्या आणि व्यापारी मासेमारीच्या दुसऱ्या वर्गात चार चालतो, बंदराच्या पाण्यात तीन. म्हणून “पाणी मर्यादेत आहे” असा अहवाल हातात आला की विचारायचे, कोणत्या वर्गाच्या मर्यादेत? होडी चालवण्यापुरते चांगले पाणी आणि खुबे खाण्याइतके चांगले पाणी एक नव्हे. मी तो पहिला कागद वाचला तेव्हा हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

मावशींना मी तेव्हा इतकेच सांगितले, “मावशी, मला माहीत नाही. कळेपर्यंत नाल्याकडचे नका देऊ.” सोपे उत्तर नव्हते ते. नाल्याकडची जागा वाडीपासून दहा मिनिटांवर आहे, आणि मुखाकडे जायला ओहोटी धरून तासभर चिखल तुडवावा लागतो.

तळ पुन्हा जिवंत होतो

एक आशेची गोष्ट सांगते. स्वीडनमध्ये एका खाडीजवळ कागदाच्या लगद्याचा कारखाना होता. त्याच्या सांडपाण्याने तळ जवळजवळ ओस पडला होता. १९६६ मध्ये तो बंद झाला. रोझेनबर्ग यांनी त्यानंतर वर्षानुवर्षे तोच तळ तपासला. आधी बारीक किडे आले, मग इतर जाती, मग मोठे बिळे करणारे जीव. ज्या क्रमाने गेले होते, त्याच्या उलट क्रमाने परत आले. काही वर्षे लागली, पण परत आले.

अर्थात जिथे धातू चिखलात साठले आहेत, तिथे इतके सहज होत नाही. म्हणूनच वेळेवर लक्ष देणे महत्त्वाचे.

आता काय चालले आहे

वाडीतल्या बचत गटाच्या मुलींनी एक वही सुरू केली आहे. तारीख, तिथी, ओहोटीची वेळ, कोणत्या जागी किती पाट्या खुबे मिळाले, रिकामे शिंपले किती, पाण्याचा रंग, वास, मेलेले मासे दिसले का. हे प्रयोगशाळेचे काम नाही, पण कधी आणि कुठे तपासायचे हे त्यावरून कळते. दुसऱ्यांदा मासे मेले तेव्हा त्याच दिवशी वहीतल्या नोंदीसह अर्ज गेला आणि नमुना सकाळी, ओहोटीला, नाल्याच्या तोंडाशी घ्यावा अशी लेखी विनंती केली. ती मान्य झाली. चिखलाचीही तपासणी व्हावी ही मागणी अजून चालू आहे.

वनहक्क कायदा, २००६ यात जलाशयांतले मासे आणि इतर उपज यांवरील सामूहिक हक्क मान्य केलेला आहे. किनारपट्टी नियमांत तिवरे आणि ओहोटीला उघडे पडणारे चिखलपट्टे सर्वांत संरक्षित गटात आहेत. चिखल म्हणजे पडीक जागा, भराव टाकायची जागा, असे समजणाऱ्यांना हे ठामपणे सांगता येते.

आपल्यातले बरेच जण किनाऱ्याजवळच्या गावांत, शहरांत राहतात. आपण काय करू शकतो? बाजारात तिसऱ्या, खुबे, कालवे घेताना कुठल्या खाडीतले आहेत एवढे विचारा. वेचणाऱ्या बाईला दोष देण्यासाठी नको, पाण्याची चौकशी सुरू व्हावी म्हणून. आपल्या वस्तीचे, आपल्या संस्थांचे, आपल्या चर्चच्या आवाराचे सांडपाणी शेवटी कुठल्या नाल्यात जाते ते शोधा. आमच्या कार्यालयाचे सांडपाणी मी शोधले, तर तेही खाडीलाच जात होते. आता तिथे शोषखड्डा केला आहे. आणि आपल्या मंडळीत विज्ञान शिकलेले तरुण असतील, त्यांना अशा पाहणीत दोन दिवस मदतीला पाठवा. चाळणीवरचे जीव निवडायला हात कमीच पडतात.

परवा वाडीवर गेले होते. मावशी मुखाकडच्या जागेवरून परत येत होत्या, पाटी अर्धीच भरलेली. मी विचारले, “नाल्याकडं बघितलं का?” त्या म्हणाल्या, “बघितलं. बारीक बारीक दिसतात, पर हात लावला न्हाय. वाढू दे.” आम्ही ते वहीत लिहून ठेवले आहे. पावसाळा सरल्यावर पुन्हा तपासणी करायची आहे. तोवर मावशींची आणि वाडीतल्या सर्वांची आपल्या प्रार्थनेत आठवण असू द्यावी.